समोर नसलेल्या माणसाबद्दल

२ मार्च, रविवार

आज सभेत माझी चांगलीच शोभा झाली आणि ती मीच करून घेतली.

आमच्या रविवारच्या प्रार्थनासभेत शेवटची दहा मिनिटं मोकळी असतात. कुणासाठी प्रार्थना हवी असेल तर उभं राहून सांगायचं. मी उभी राहिले. म्हटलं, आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई राहते, नाव सांगत नाही, पण तिचा नवरा दोन महिने घरी फिरकलेला नाही. दुसऱ्या गावात त्यानं दुसरं बिऱ्हाड थाटलंय असं कानावर आलंय. तर त्या माउलीसाठी सगळ्यांनी मनापासून प्रार्थना करा. अगदी कळवळून सांगितलं, माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आणि डोळे पुसून बघते तर शेवटून दुसऱ्या रांगेत तीच बसलेली! पहिल्यांदाच आली होती सभेला. गेल्या आठवड्यात जिन्यात गाठून मीच तिला आग्रहानं बोलावलं होतं.

ती शांतपणे पिशवी उचलून निघून गेली.

मोठ्या बाईंनी मला थांबवून घेतलं. सभा त्याच चालवतात. पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे नुसतं बघितलं तरी पट्टी हातात असल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, "चाळीस दिवस. जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाहीस. वाईट नाही आणि चांगलाही नाही."

मी म्हटलं, "आणि प्रार्थनेत?"

"देवाला बातम्या नको असतात. त्याच्याकडे असतात."

घरी येऊन यांना सांगितलं. हे पेपरात डोकं घालून हसायला लागले. "चाळीस दिवस? तू चाळीस मिनिटं काढून दाखव."

म्हणून ही वही. बंदी बोलण्यावर आहे, लिहिण्यावर नाही. मोठ्या बाईंना तसं विचारलेलं नाही, पण विचारायचं तरी कशाला?

४ मार्च, मंगळवार

वरच्या मजल्यावर जाऊन आले. बेल वाजवली. दार न उघडता आतून आवाज आला, "कोण?" मी सांगितलं. मग म्हणाली, "काही नको. तुम्ही प्रार्थना करा माझ्यासाठी."

मी जिना उतरले. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी पुरुष खोकला. मग नवरा परत आला की काय? का तो गेलाच नव्हता? कुणाला विचारणार? कुणालाही विचारलं तरी नेम मोडतो.

५ मार्च, बुधवार

लॅबमध्ये तीन दिवस तोंडाला कुलूप आहे. किती कठीण आहे हे ज्याचं त्यालाच कळेल.

आमची लॅब म्हणजे कवळ्या बनवायचं वर्कशॉप. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही दात बसवून परत पाठवतो. माणसं मोजकीच. साहेब काचेच्या केबिनमध्ये. प्लॅस्टर ओतायला, साचे उकळायला भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ. ते आमच्याच इमारतीत खाली राहतात आणि अकरा वर्षांपूर्वी ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली. मी मेणात दात लावते. आणि माझ्या डाव्या हाताला, पॉलिशच्या चाकावर, करवत.

तिचं खरं नाव वेगळं आहे, पण मागून सगळे तिला करवतच म्हणतात. नाव भाऊजींनी पाडलं. मी फक्त पसरवलं.

भाऊजी म्हणजे आमचा रेडिओ. सकाळी आले की कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या मुलानं नोकरी सोडली, सगळं सांगणार. आवाज गोड, माणूस लाघवी. मी रोज त्यात भर घालायची. आता मी नुसती "हं" म्हणते. आज म्हणाले, "वहिनी, बरं नाही का?" मी नेमाचं सांगितलं. ते इतके हसले की प्लॅस्टरचं भांडं खाली ठेवावं लागलं.

करवतीनं आज तीन भांडणं केली. कुरियरवाल्याशी, कारण त्यानं खोका ओल्या टेबलावर ठेवला. साहेबांशी, कारण चाकावरचा दिवा मिणमिणता आहे. आणि माझ्याशी, कारण मेणाचा गोळा खाली पडून तिच्या चपलेला चिकटला. "ताई, तुम्हाला हात दिलेत ना देवानं? मग मेण जमिनीवर का?" सगळ्यांसमोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण मला खरंच जाणून घ्यायचंय, माणूस एवढं भांडतं कसं? दमत नाही? घरी गेल्यावर कुणाशी भांडते ही, भिंतीशी? लग्न झालेलं नाही, म्हातारी आई आहे एवढंच ठाऊक आहे. एकदा तिचं घर आतून बघायला मिळालं पाहिजे.

८ मार्च, शनिवार

नेमाला सात दिवस झाले. दोनदा मोडला. एकदा यांच्यापाशी जाऊबाईबद्दल बोलले, पण ती खालच्या मजल्यावर होती आणि खिडकी उघडी होती. म्हणजे तशी समोरच. तो धरत नाही. तर एकदाच मोडला.

एक गंमत लक्षात आली आहे. आपण गप्प बसलो की लोक जास्त बोलतात. आणि बोलतात ते बहुतेक सगळं तिसऱ्याच माणसाबद्दल असतं. आज जेवणाच्या सुट्टीत मी मोजलं. भाऊजींनी नऊ माणसांबद्दल सांगितलं आणि त्यातलं एकही खोलीत नव्हतं. देवाला हे सगळं दिवसभर ऐकावं लागतं. कंटाळत नसेल का तो?

११ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते सांगायला जीभ नुसती वळवळतेय. बरं झालं ही वही आहे.

आधी काम सांगते, म्हणजे पुढे मलाच वाचताना कळेल. मी मेणात दात लावले की साचा भाऊजींकडे जातो. ते मेण वितळवून काढतात, त्या जागी गुलाबी मसाला भरतात आणि साचा पाण्यात मंद आचेवर ठेवतात. घाई केली की मसाल्यात बारीक बुडबुडे राहतात आणि कवळी आतून कच्ची होते. वरून काही कळत नाही.

आज साहेब बाहेर होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांची वरची कवळी भाऊजींनी करवतीकडे दिली. तिनं ती दिव्यासमोर धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग उठून ती भाऊजींच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"ही मी घासणार नाही."

"का? हात दुखतात?"

"आत बुडबुडे आहेत. किती वेळ उकळलीत?"

"जेवढा वेळ उकळायची तेवढा."

"खोटं बोलू नका. अकराला ठेवली आणि बाराच्या आत काढली. मी इथेच होते."

भाऊजींचा चेहरा उतरला, पण आवाज गोडच. "अगं बाई, तू पॉलिशवाली आहेस ना? मग पॉलिश कर. बाकीचं आम्ही बघतो."

"उद्या जेवताना त्या माणसाच्या तोंडात फुटली तर तुम्ही बघायला जाणार आहात का? पुन्हा करा." असं म्हणून ती हात धुवायला गेली आणि तिथूनच डबा घेऊन मागच्या अंगणात. ती एकटीच जेवते.

मी मान खाली घालून काम करत होते, पण कान टवकारलेले. काय तो आवाज, काय ती भाषा! मोठ्या माणसाशी असं बोलतात?

ती गेल्यावर भाऊजींनी तीच कवळी उचलली, तिच्याच चाकावर बसून चकाचक केली, कार्डावर पॉलिशच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि खोक्यात घातली. माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, तुमचा नेम चालू आहे ना?"

"चालू आहे की."

"मग झालं."

तीन वाजता कुरियर गेलं. नंतर करवतीनं त्यांना विचारलं, "पुन्हा उकळायला लावली का?" ते म्हणाले, "लावली. घासायचंही मीच बघतो." ती चाकाकडे वळली. मला कुणी काही विचारलं नाही, त्यामुळे मीही काही बोलले नाही. इतकं सगळं डोळ्यांसमोर घडूनही मी घरी यांना अक्षर सांगितलं नाही. मोठ्या बाई असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती.

१८ मार्च, मंगळवार

अरे देवा. ती कवळी फुटली.

सकाळी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा साहेबांचा आवाज काचेतून बाहेर येत होता. म्हातारे गृहस्थ जेवत होते, कवळीचे मधोमध दोन तुकडे झाले आणि एक कड हिरडीत घुसली. टाके घालावे लागले. आमचं अर्धं काम याच डॉक्टरांकडून येतं. ते म्हणाले, ज्यानं हे केलं त्याला काढा, नाहीतर मी काम दुसरीकडे देतो.

करवत कालपासून रजेवर आहे. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ती असती तर आज छप्पर उडालं असतं. भाऊजी दिवसभर एकदाही बोलले नाहीत. रेडिओ बंद. त्यांना त्या म्हाताऱ्या माणसाचं फार वाईट वाटलेलं दिसतंय.

१९ मार्च, बुधवार

आज देवानं माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. समोर कार्ड ठेवलेलं. "बाई, पॉलिशच्या रकान्यात खूण आहे. तुमचे दीर म्हणतात, तिनं रागाच्या भरात जास्त घासून पातळ केली. ती भांडखोर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला नुसत्या तेवढ्यावर जायचं नाही. तुम्ही तिच्या शेजारी बसता. त्या दिवशी काय झालं ते सांगा."

मी कार्डावरची खूण बघितली. मग एकदम आठवलं. म्हटलं, "साहेब, ती आज इथे नाही. जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल मी बोलत नाही. आज अठरावा दिवस आहे."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग कार्ड बंद करून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या आहात बाई."

केबिनमधून बाहेर आले ती जमिनीपासून चार बोटं वरून चालत. रविवारी मोठ्या बाईंना सांगायचं. नाही, नको. तो गर्व होईल. पण त्यांनी विचारलं तर सांगायचं.

२२ मार्च, शनिवार

करवत अजून आलेली नाही. दोन दिवसांची रजा होती, आता आठवडा होत आला. आईचं जास्त तर नाही ना? डोळ्याच्या ऑपरेशनला एवढे दिवस लागतात का? तिच्या चाकावर भाऊजीच बसतायत. चाकाचा आवाजसुद्धा वेगळा येतो. ती बसली की कसा एकसुरी यायचा. आठवडाभर एकही भांडण झालेलं नाही. शांत वाटतं खरं, पण बरं वाटत नाही. दिवा अजून मिणमिणताच आहे आणि आता त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

काल भाऊजी न सांगता वर आले आणि आमचा गळका नळ दुरुस्त करून गेले. वर्षभर गळत होता. किती मायेचा माणूस.

२५ मार्च, मंगळवार

अक्षर कसंही येतंय.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांना सहज विचारलं, करवत कधी येणार? म्हणजे तिचं खरं नाव घेऊनच विचारलं. ते म्हणाले, "ती नाही येणार. गुरुवारी रात्री घरी पत्र पाठवलं तिला. एक तारखेपासून नवीन माणूस येतोय."

मी म्हटलं, "पण का?"

"बाई, तुमची अडचण मला समजली होती. तिची चूक नसती तर तुम्ही चटकन 'नाही हो, तिनं काही केलं नाही' असं म्हणाला असतात. तुम्हाला कुणाचं वाईट सांगायचं नव्हतं, म्हणून तुम्ही गप्प बसलात. मला तेवढं पुरेसं होतं."

मी खुर्चीत बसून राहिले. अकरा वर्षांत हजार वेळा मी लोकांबद्दल काय काय बोलले असेन. चहाबरोबर बोलले, जिन्यात बोलले, देवासमोर उभं राहून बोलले. त्यातल्या एका शब्दानंही कुणाची नोकरी गेली नव्हती. आणि एकदाच तोंड मिटून बसले तर तिची गेली.

आता खरं लिहिते. साहेबांनी विचारलं तेव्हा नेम आधी आठवलाच नव्हता. आधी भाऊजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग जाऊबाईचा, मग यांचा. नेम त्यानंतर आठवला आणि तो आठवल्यावर मला हायसं वाटलं होतं. देवा, तुला हे त्याच दिवशी दिसलं असणार. मग तू गप्प का बसलास?

२६ मार्च, बुधवार

लॅब सुटल्यावर तडक मोठ्या बाईंच्या घरी गेले. त्या झाडांना पाणी घालत होत्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, भाऊजींचं नावसुद्धा घेतलं. नेम मोडला तर मोडला.

वाटलं होतं, त्या रागावतील किंवा जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, "मी तुला काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द म्हण."

"जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही."

"मग त्यांना समोर आण ना." आणि पुन्हा झाडांकडे वळल्या.

२७ मार्च, गुरुवार

रात्रीच्या जेवणानंतर यांना सांगितलं. यांनी ताट बाजूला सारलं.

"तुला नोकरी त्यानंच लावून दिली," हे म्हणाले.

"ठाऊक आहे."

"त्याची दोन मुलं शिकतायत अजून."

"तिची आई आहे. आणि ती निर्दोष आहे."

"अगं, पण ती बाई तशी भांडखोरच ना? तिला कुठेही काम मिळेल."

"कुठेही मिळणार नाही. डॉक्टरांनी सगळीकडे सांगितलं असेल एव्हाना. म्हाताऱ्याचं तोंड फाडलं म्हणून काढलेल्या बाईला कोण चाकावर बसवेल?"

हे उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "घर फुटेल."

मला यांची फार कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त. पण एक तारीख मंगळवारी आहे.

२९ मार्च, शनिवार

तिच्या घरी जाऊन आले. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. मला आतून बघायच्या होत्या ना? बघितल्या. एक कॉट, एक शिलाई मशीन आणि इतकी स्वच्छता की चप्पल कुठे काढावी ते कळेना.

तिनं दार अर्धंच उघडलं. "काय हवंय?"

मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगितलं. भाऊजींनी तिच्या चाकावर बसून कवळी घासली ते. खूण केली ते. "लावली" म्हणून खोटं सांगितलं ते. साहेबांनी मला विचारलं ते, आणि मी काय उत्तर दिलं ते. सुरू झाले तशी थांबताच येईना. तिला करवत म्हणतात हेही सांगून टाकलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं शेजारी बसते. कान आहेत मला."

मग तिनं दार पूर्ण उघडलं, पण मला आत घ्यायला नाही, नीट भांडता यावं म्हणून. "म्हणजे अकरा तारखेपासून तुम्हाला सगळं ठाऊक होतं? त्यांनी माझ्या तोंडावर खोटं सांगितलं तेव्हा तुम्ही हाताची घडी घालून बसला होतात! नुसतं 'नाही, तीच पाठवली' एवढं म्हणाला असतात तर त्या म्हाताऱ्या माणसाला टाके पडले नसते. माझं सोडा, त्यांचं काय? कसला नेम आणि कसलं काय! देवाला हे सांगाल का तुम्ही?"

खालचा सायकलवाला वर बघायला लागला. रडायला आलं, तेवढं रडले.

आतून म्हातारा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"लॅबमधल्या ताई."

"त्या मेणवाल्या? अगं मग आत घे की त्यांना!" डोळ्यावर पट्टी बांधलेली आई चाचपडत दारापर्यंत आली आणि माझा हात धरला. "तुमच्याबद्दल किती ऐकते मी हिच्याकडून. म्हणते, ताईंनी लावलेल्या दातांना मला हात लावावा लागत नाही. त्यांच्यासारखा हात आख्ख्या गावात नाही."

करवत खाली बघत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. माझ्या माघारी ती हे बोलायची!

जाताना तिनं एवढंच विचारलं, "साहेबांसमोर सांगाल? माझ्या समोर? आणि त्यांच्याही?"

मी हो म्हटलं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी साडेनऊला आम्ही दोघी एकदमच लॅबमध्ये शिरलो. भाऊजी प्लॅस्टर कालवत होते, त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, "भाऊजी, जरा केबिनमध्ये चला."

"वहिनी, घरी बोलू."

"नाही. इथेच."

चौघं उभे राहिलो. बसायचं कुणाला सुचलंच नाही. मी साहेबांना म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतंत, त्या दिवशी काय झालं? आता सगळे समोर आहेत, आता सांगते." आणि सांगितलं. काही गाळलं नाही आणि काही घातलंही नाही. एवढी साधी हकीकत मी जन्मात कधी सांगितली नसेल.

साहेबांनी भाऊजींकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते नाकारतील. त्यांच्या जिभेवर किती साखर आहे ते मला ठाऊक आहे. पण ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "घाई झाली होती साहेब. धाकट्याच्या शाळेत बोलावलं होतं. मग भीती वाटली." आणि माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब करवतीला म्हणाले, "पण तू एवढी भांडतेस, मग याच वेळी गप्प का बसलीस? पत्र मिळाल्यावर फोन केलास तेव्हा याचं नाव का घेतलं नाहीस?"

"मी फोनवर म्हटलं होतं, त्यांना बोलवा, मी त्यांच्या तोंडावर सांगते. तुम्ही म्हणालात, भांडण नको."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फोन उचलून डॉक्टरांना लावला आणि आम्हाला बाहेर जायची खूण केली. काचेतून ऐकू येत होतं. चूक पॉलिशची नव्हती, उकळण्यात होती, आणि मी नीट चौकशी केली नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नवीन माणसालाही नको म्हणून कळवलं. भाऊजींना काढलं नाही. पण यापुढे त्यांचं प्रत्येक काम आधी करवत दिव्यासमोर धरून बघणार आणि मगच ते पुढे जाणार.

संध्याकाळी जिन्यात जाऊबाई भेटली. मला बघून तिनं दार लावून घेतलं. हे घरी आल्यावर खाली भावाकडे गेले आणि तासाभरानं वर आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. जेवताना मला पाणी मात्र त्यांनीच वाढलं.

३ एप्रिल, गुरुवार

तीन दिवसांनी लिहायला बसले आहे.

करवत मंगळवारपासून चाकावर आहे. आभार वगैरे काही नाही. आज अकराच्या सुमाराला मी लावलेला साचा घेऊन आली आणि माझ्या टेबलावर आपटला. "डावीकडचा दुसरा दात बघा. आत गेलाय."

"कुठे गेलाय? सरळ आहे!"

"सरळ? ज्यांची कवळी आहे त्या बाईंची जीभ रोज त्यावर घासेल."

"तुला सगळं वाकडंच दिसतं!"

"आणि तुम्हाला हल्ली काहीच दिसत नाही, लक्ष नाही तुमचं कामात!"

मग जे जुंपलं! दहा मिनिटं. मी तिला म्हटलं, तुझ्या जिभेला हाड नाही, अकरा वर्षं तुझ्या शेजारी बसून माझं डोकं उठलंय, एकदा तरी माणसासारखं बोलत जा. ती म्हणाली, तुम्ही एकदा तरी माझ्या तोंडावर बोलत जा. मी म्हटलं, मग आत्ता काय करतेय? त्यावर तिला हसू आलं. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. भाऊजी मान खाली घालून प्लॅस्टर कालवत होते. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी रोज सकाळी "भाऊजी, चहा?" विचारते. ते मान हलवतात. उद्याही विचारणार आहे.

मग साचा उजेडात धरून बघितला. दात आत गेला होता. मी तो काढून पुन्हा लावला.

घरी आल्यावर यांनी चप्पल काढता काढता नेहमीसारखं विचारलं, "काय गं, आज काय नवीन?"

मी तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं आहे असं वाटलं, म्हणून आठवून बघितलं. पण करवतीबद्दल जे सांगायचं होतं ते सगळं तिलाच सांगून झालं होतं.

"काही नाही," म्हटलं, आणि भाजी चिरायला घेतली.